पवित्र झऱ्यातली अळी

६ जानेवारी, सोमवार. जलाशीर्वादाचा सण.

आज जे घडले ते लिहिण्यापूर्वी दोनदा हात धुतले, तरी बोटांना काहीतरी चिकटल्यासारखे वाटते आहे.

पापा-लांब्रोस यांनी क्रूस तीन वेळा पाण्यात बुडवला. मी उजव्या गायनपीठावरून स्तोत्र म्हटले. आवाज एकदाही फाटला नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हेही थोडे नव्हे. रिवाजाप्रमाणे डोंगराच्या कुशीतल्या पवित्र झऱ्यावरून भरून आणलेली तांब्याची घागर वेदीपुढे होती, आणि मंदिर-मंडळाचा ज्येष्ठ म्हणून पहिला पेला माझ्या हाती आला. तो ओठांना लावणार, तोच तळाशी काहीतरी हलले.

करंगळीएवढा एक जीव. चिखलाच्या रंगाचा, अंगभर लव, पोट फुगीर, डोक्याच्या दोन कोपऱ्यांवर टाचणीच्या माथ्यासारखे डोळे. तोंडावर पळीसारखे झाकण, त्याच्या कडेला करवतीचे दाते. मी पाहत असतानाच ते झाकण पुढे झेपावले आणि पुन्हा मिटले. मला उमासा आला. वेदीसमोर, सगळ्या गावादेखत.

मागून मारिगो म्हणाली, "काय मास्तर, तुमच्या आधी कुणीतरी पाणी प्यायला उतरलंय वाटतं. रांगेत उभे राहा, आज सणाचा दिवस आहे."

ही विधवा माझ्याहून दोन वर्षांनी लहान; तिची जीभ मात्र अजून विशीतली आहे. लोक हसले.

शास्त्राने रांगणाऱ्या, वळवळणाऱ्या जीवांना अपवित्र म्हटले ते उगाच नव्हे. तो किडा घरी आणून मी दारूच्या बरणीत बुडवला आणि वर चिठ्ठी चिकटवली: पालियोव्रिसी गाव, पवित्र झरा, ६ जानेवारी. चाळीस वर्षे शाळेत प्राचीन ग्रीक शिकवले. तारीख आणि स्थळ नसलेल्या वस्तूला मी पुरावा मानत नाही.

१९ जानेवारी

मंडळाच्या बैठकीत बरणी टेबलावर ठेवली. चिटणिसाने ऑलिव्हची बशी दूर सरकवली. मी म्हटले, देवमातेच्या झऱ्यात ही घाण पैदा होते आणि आपण ती पितो. यंदाच्या उत्सवापूर्वी झरा मुळापासून स्वच्छ झाला पाहिजे.

पापा-लांब्रोस यांनी बरणी उजेडात धरली. "मास्तर, हे आमच्या आजोबांच्या वेळेपासून आहेत हो. आजी सांगायची, घागर तळाला टेकवू नका, वरवर भरा. म्हणजे त्यांचं त्यांच्यापाशी, आपलं आपल्यापाशी."

पुरोहिताच्या तोंडी इतकी उदासीनता! अस्वच्छतेशी असा समझोता ऐकून मला त्या किड्याइतकीच या बोलण्याची शिसारी आली. ठराव मंजूर झाला.

११ मार्च

शहरातून एक गृहस्थ आले होते, अरिस्तीदिस झाफिरोपुलोस. आमच्या झऱ्याचे पाणी बाटल्यांत भरण्याचा कारखाना त्यांची कंपनी काढू इच्छिते. तळहात घामट, हस्तांदोलनानंतर मी रुमाल शोधत होतो. पण माणूस शालीन आणि देवभीरू निघाला. माझ्या ठरावाविषयी त्यांना आधीच ठाऊक होते.

"मास्तर, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून ही गावं उभी आहेत. चुना आम्ही देतो, पाण्याचा जोराचा फवारा मारणारं यंत्र देतो, माणसं देतो. आणि नुसतं कुंडच का? वर उगमापर्यंत सगळा पाट धुऊन काढू. अर्धवट शुद्धी ही काय शुद्धी झाली?"

अगदी माझ्या मनातले बोलले. झऱ्यावर संगमरवरी पाटी बसवावी आणि तीवर देखरेख करणाऱ्याचे नाव असावे, अशीही त्यांची इच्छा आहे. मी नको म्हटले; दुसऱ्यांदा म्हटले नाही.

निघताना त्यांची नजर फडताळातल्या बरणीवर गेली. "हे तिथलंच? असे पुष्कळ आहेत?" मी म्हटले, असतील. "ही मला देता का? शहरात दाखवीन, इथे किती काम आहे ते." मी दिली नाही. काम पूर्ण होईपर्यंत ती माझ्या बाजूची साक्ष आहे.

१२ एप्रिल. लाझारसचा शनिवार.

झरा धुतला. उगमापासून कुंडापर्यंत तीनशे पावलांचा पाट. माणसांनी गाळ खरवडला, यंत्राने दगडांच्या फटी फोडून काढल्या, मग गोण्यांमागून गोण्या चुना ओतला. पाणी दुधासारखे वाहू लागले. लाझारसला थडग्यातून बाहेर बोलावले त्या दिवशी आम्ही एका थडग्यातली घाण बाहेर काढली, असे मी चार शब्द बोललो.

आणि घाण खरोखरच निघाली. दोन बादल्या भरून. बोटाएवढ्या, नखाएवढ्या, डाळीएवढ्या अळ्या. सगळ्या त्याच लवदार, दात्यांच्या. चुन्याने पोळून एकमेकींवर चढत होत्या. मी डोळे मिटून त्या मंदिराच्या भिंतीमागच्या खाजकुइल्यांत ओतल्या. श्री. झाफिरोपुलोस मात्र बूट चिखलात रुतवून शेवटच्या दगडापर्यंत वाकून पाहत होते, एखादी राहून तर गेली नाही ना. एवढा शहरी माणूस आणि एवढी श्रद्धा!

संध्याकाळी जेवण गेले नाही.

२५ एप्रिल. जीवनदायी झऱ्याचा उत्सव.

पाटीचे अनावरण झाले. *या पवित्र झऱ्याची शुद्धी श्री. थेमिस्तोक्लिस करावास यांच्या देखरेखीखाली झाली.* माझ्या नावाची अक्षरे चांगली कोरली आहेत. एके ठिकाणी अक्षरावरचे आघातचिन्ह चुकले आहे, ते फक्त मलाच दिसेल.

मारिगोने पेला अर्ध्यावर खाली ठेवला. "भिंत चाटल्यासारखं लागतंय."

तिला काहीच पवित्र नाही.

१९ मे

गिरणीवाल्याची नात पोलिक्सेनी आली आहे. विद्यापीठात कीटकांचा अभ्यास करते. जाळे घेऊन गावभर फिरते, गुडघ्यापर्यंत चिखल, नखांत शेवाळे. आज कॉफीघरात माझ्यासमोरच बसली आणि एक डबी उघडून दाखवू लागली. डबीत चतुराची वाळलेली कात होती. माझी कॉफी तशीच राहिली.

"मास्तर, तुम्हीच मला क्रियापदं शिकवली, आता तुम्हीच तोंड फिरवता?"

"क्रियापदांना पाय नव्हते."

ती हसली. तिने सांगितले ते येथे नोंदवतो. या डोंगरात तिला आतापर्यंत चौतीस जातींचे चतुर आणि टाचण्या, म्हणजे चतुरांच्या बारीक बहिणी, सापडल्या आहेत. नदीकाठी काळ्या-निळ्या पंखांच्या टाचण्या, ज्या फुलपाखरासारख्या डुलत उडतात. गिरणीच्या तळ्यावर काडीएवढ्या निळ्या, नर मादीची मान पकडून तिला पाण्यापर्यंत नेतो (हे तिने भर कॉफीघरात सांगितले). कुरणातल्या डबक्यावर लाल चतुर. आणि वर, थंड झऱ्यांवर, काळ्या अंगावर सोनेरी वलये असलेला एक मोठा चतुर, जो या डोंगररांगांबाहेर जगात कुठेही नाही.

"तोच मला हवाय. तो आपल्या झऱ्यात वाढतो हे सिद्ध झालं, तर बाटल्यांच्या कारखान्याला परवानगी मिळणार नाही. हरकत घ्यायची मुदत एकतीस जुलै."

"उडताना दिसतो की."

"उडणारा पाहुणाही असू शकतो, मास्तर. अळी घरची असते. ती चार-चार, पाच-पाच वर्षं चिखलात काढते. मला अळी पाहिजे."

कशी असते, असे मी विचारले नाही.

३ जून

तिने मला नावांसाठी ओढून नेले. प्रत्येक जातीचे शास्त्रीय नाव आमच्याच प्राचीन भाषेतून घेतलेले असते आणि परदेशी पंडितांनी ते कसेबसे जोडलेले असते. सोनेरी वलयांच्या चतुराचे नाव मी फोडून सांगितले: गदेसारखे पोट असलेला. ती दगडावर बसून लिहून घेत होती. पहिल्या मानवाला सर्व जीवांना नावे देण्याचे काम मिळाले, हे मी दरवर्षी वर्गात सांगत असे. पण प्रत्येक नावामागे कुणीतरी ओले, बुळबुळीत उभे आहे, हे कधी ध्यानात घेतले नव्हते.

मग झऱ्यावर गेलो. ती कोपरापर्यंत हात घालून चिखल चाळत होती. तास झाला, दोन झाले. काहीच नव्हते, साधा पाणकिडासुद्धा नाही. तिने बोट चाटले आणि थुंकली.

"इथे चुना ओतलाय कुणीतरी."

मी पाटी पाठीने झाकून उभा होतो. म्हटले, "उत्सवाच्या आधी थोडा लावतात दरवर्षी."

थोडा. या तोंडाने मी स्तोत्रे म्हणतो.

९ जून

झोप नाही. त्या बादल्या आठवतात. नखाएवढ्या, डाळीएवढ्या: म्हणजे यंदाच्या, गेल्या वर्षीच्या, त्याच्याही आधीच्या. मला वाटले होते ती घाण होती. ती पाच वर्षे होती.

तरीही, हे प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे, त्या जीवाबद्दल माझ्या मनात कणव नाही. आजही समोर आला तर मी मागे सरेन. ज्याची किळस येते त्याची हत्या केल्याचा पश्चात्ताप कसा करावा, हे माझ्या कोणत्याही ग्रंथात मला सापडत नाही.

१ जुलै

श्री. झाफिरोपुलोस आले. मिठाईची पेटी आणली होती. कारखाना झाला की गावातल्या किती जणांना काम मिळेल, हे त्यांनी कॉफीघरात सांगितले. माणसे टाळ्या वाजवत होती. नंतर मला बाजूला घेऊन खांद्यावर हात ठेवला. तो हात शर्टातून ओला लागला.

"मास्तर, ती बरणी अजून आहे का हो?"

"आहे."

"मला द्या ना. आठवण म्हणून. नाहीतर फेकून तरी द्या. घरात असली घाण कशाला ठेवायची?"

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिले. वरचा ओठ हसत होता, खालचा स्थिर होता. आणि एकाएकी मला ते पळीसारखे झाकण आठवले. गाळात दबून राहावे, वेळ यावी आणि झेपावून धरावे. पण किड्याला ते देवाने दिले आहे. या माणसाला कुणी दिले?

त्यांना सगळे ठाऊक होते. मार्चपासून. चुना, यंत्र, पाटी, माझे नाव, सगळे. झऱ्यात काय आहे हे त्यांना पोलिक्सेनीच्या आधी कळले होते, आणि ते मीच बरणीत घालून दाखवले होते.

मिठाई मारिगोच्या कोंबड्यांपुढे टाकली.

२० जुलै. संदेष्टा एलियासचा दिवस.

शिखरावरच्या देवळात प्रार्थना झाली. उतरताना एकटा झऱ्याच्या वर थांबलो. उगमाच्याही वर, दगडांतून झिरपणाऱ्या ओल्या पट्ट्यावर तो दिसला: काळा, सोनेरी वलयांचा, बोटभर लांब. मादी होती. उभी राहून पोटाचे टोक चिखलात खुपसत होती; खच, खच, खच, शिंपी सुई मारतो तशी. मला ते अश्लील वाटले. तरी मी टोपी काढून उभा होतो. का, ते सांगता येत नाही.

खाली आल्यावर पापा-लांब्रोस यांना मंदिराच्या ओसरीत गाठले. सगळे सांगितले: चुना, बादल्या, पोलिक्सेनीशी बोललेले खोटे, झाफिरोपुलोस, बरणी.

त्यांनी ऐकून घेतले. "मास्तर, पाप कबूल करताय की तक्रार करताय?"

"दोन्ही."

"मग वेगवेगळं करा. झाफिरोपुलोसचं त्याच्यावर सोडा. तुमचं काय?"

"बरणी दिली तर चुना ओतून मी काय मारले ते सगळ्यांना कळेल. कारखाना जाईल. लोक तोंडावर थुंकतील."

"थुंकतील," ते म्हणाले. "आणि?"

मी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. ते दाढी खाजवत म्हणाले, "अहो, आंधळ्याच्या डोळ्यांना प्रभूने काय लावलं? गुलाबपाणी नाही लावलं. थुंकीने भिजवलेला चिखल लावला."

मी ग्रंथांत म्हातारा झालो, आणि हे मला डोंगरातला एक पुरोहित सांगतो, ज्याला दोन ओळी नीट वाचता येत नाहीत.

२१ जुलै

बरणी घेऊन गिरणीवर गेलो. पोलिक्सेनी दारात जाळे शिवत होती. मी चिठ्ठीसकट बरणी तिच्या हातात दिली आणि उभ्या उभ्या सगळे सांगितले, जसे वर्गात पाठ म्हणून दाखवतात तसे.

तिने भिंगातून पाहिले. बराच वेळ. चिडेल असे वाटले होते.

"हीच आहे," ती म्हणाली. "दात्यांवरून नक्की. मास्तर, ही पूर्ण वाढलेली होती. या उन्हाळ्यात उडाली असती."

"अशा दोन बादल्या होत्या."

तिने बरणी खाली ठेवली आणि आत गेली. पाण्याचा आवाज आला, तोंड धुतल्याचा. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "तुम्हाला हे लिहून द्यावं लागेल. सहा जानेवारी आणि बारा एप्रिल, दोन्ही. नुसत्या बरणीवर कुणी विश्वास ठेवणार नाही. ती कुठून आली हे सांगणारा माणूस लागतो."

"माझ्याकडे दैनंदिनी आहे."

"मग तीही आणा. पण विचार करा, सगळं वाचतील ते."

२८ जुलै

जिल्ह्याच्या कार्यालयात गेलो. कारकुनाने बरणी उघडून वास घेतला आणि डोके मागे घेतले. "आजोबा, ही दारू आहे की औषध?"

"साक्ष आहे," मी म्हटले. स्वतःच्या या भारदस्तपणाचीही मला लाज वाटली.

त्याने दोन पानांच्या प्रती काढल्या. बारा एप्रिलचे पान तो मोठ्याने वाचू लागला आणि मध्येच थांबला. खोलीत आणखी तिघे होते. मी म्हटले, वाचा, पुढे माझे भाषणही आहे. त्याने वाचले. थडगे, लाझारस, सगळे. मी खिडकीबाहेर पाहत होतो. माझे वाक्य कधी इतके घाणेरडे वाटले नव्हते. निवेदनावर सही केली.

बसमध्ये पोलिक्सेनी शेजारी बसली होती. संत्रे सोलून अर्धे माझ्या हातात दिले. तिच्या नखांत तेच शेवाळे होते. मी खाल्ले.

१७ ऑगस्ट

गावाला कळले. मंडळाने मला उजव्या गायनपीठावरून डाव्या पीठाच्या मागच्या रांगेत हलवले. कारण वय सांगितले. चिटणिसाच्या मुलाला कारखान्यात जागा मिळणार होती. तो मला पाहून रस्त्यावर थुंकतो, आणि थुंकतो तेही पूर्वी मी शिकवलेल्या शिस्तीने, डावीकडे तोंड फिरवून.

"मास्तर, डाव्या बाजूला वारा बरा येतो," मारिगो म्हणाली आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. स्त्रियांनी तिथे उभे राहायचे नसते. तिला कोण सांगणार?

१४ सप्टेंबर. क्रूसाचा सण.

निर्णय आला: कारखान्याला परवानगी नाही, झरा संरक्षित, पाच वर्षे दरवर्षी पाहणी. झाफिरोपुलोस पुन्हा दिसले नाहीत. त्यांच्यावर काही चालले नाही. त्यांनी तर फक्त देवाच्या कार्याला चुना दिला होता.

पाटी फोडायची का, असे पापा-लांब्रोस यांनी विचारले. मी नको म्हटले. तीवर लिहिले आहे ते अक्षरशः खरे आहे. ज्याला वाचता येते त्याने वाचावे. आघातचिन्हही तसेच राहू द्यावे.

शास्त्रातल्या एका संदेष्ट्यावर सावली धरणाऱ्या वेलाला रातोरात सुकवणारा किडा देवानेच नेमला होता, हे मी शेकडो वेळा वाचले आहे. त्या किड्याचा रंग कसा होता, हे मला कधी विचारावेसे वाटले नाही.

६ जानेवारी. जलाशीर्वादाचा सण.

यंदा घागर भरायला कुणी आले नाही, म्हणून मीच गेलो. हिमात काठी रुतत होती. घागर वरवर भरली. तळाला टेकवली नाही असे वाटते, पण आता हात पूर्वीसारखा स्थिर राहत नाही.

पहिला पेला चिटणिसाला. माझ्या वाट्याला शेवटचा, घागरीच्या बुडाचा. त्यात काहीतरी हलले.

जवाएवढी होती. तीच लव, तोच चिखलाचा रंग. एवढ्याशा तोंडालाही झाकण होते आणि ते तिने माझ्याकडे रोखले. किळस आली. वर्षभरात त्यात तसूभरही फरक पडलेला नाही.

मारिगोने वाकून पाहिले. "अगंबाई, आली का परत! मास्तर, बरणी आणू?"

मी पेला हातात धरूनच बाहेर पडलो. तीनशे पावले चढून गेलो, उगमापाशी गुडघे टेकले, बर्फ बाजूला सारून चिखलात बोट खुपसले आणि त्या भोकात तिला सोडले. ती लगेच गाळात दबली. फक्त डोळे वर राहिले.

पेल्यात दोन घोट पाणी उरले होते. किळस गेलेली नव्हती. उभ्यानेच प्यालो.

चिखलाची चव होती. चुन्याची नव्हती.